पुसलेली डिस्क आणि आत्यांचा टीव्ही

मागच्या लेखात जुन्या मोबाइलचं काय करता येईल ते सांगितलं, तेव्हापासून तुमचा एकच धोशा आहे : मोबाइल झाला, आता माळ्यावर पडलेल्या लॅपटॉपचं सांगा. सांगते. पण या वेळी नुसती कृती सांगून भागणार नाही. ही कृती करताना मी स्वतः एक मोठा घोळ घालून बसले. तो तुमच्या हातून होऊ नये म्हणून तरी सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

माझं सासर तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या काळापासून कावेरीकाठी जी मराठी घरं वसली त्यातलं एक. भोसल्यांचं राज्य १८५५ मध्ये संपलं, घरातली मराठी काही संपली नाही. तमिळ शेजारी यांना ‘रायर’ म्हणतात. इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव याच मंडळींपैकी, १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले. आमच्या घरात कुणी दिवाण झालं नाही, कारकून मात्र पुष्कळ झाले.

यजमानांच्या आत्या कुंभकोणमच्या पश्चिमेला, सहा-सात किलोमीटरवर, तिरुवलंचुळीला राहतात. स्वामीमलैच्या अगदी जवळ. ‘वलम्’ म्हणजे उजवीकडे आणि ‘चुळि’ म्हणजे वळण. कावेरी इथे उजवीकडे वळली, म्हणून हे नाव, असं गावातला कुणीही सांगेल. इथला पांढरा गणपती, श्वेत विनायक, प्रसिद्ध आहे. समुद्रमंथनाच्या फेसातून तो घडला अशी कथा आहे, म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक करत नाहीत. वरून भीमसेनी कापराची पूड तेवढी शिंपडतात. हे लक्षात ठेवा, पुढे आत्यांच्या तोंडून पुन्हा येणार आहे.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मुलगा बेंगळुरूला, नात कोइमतूरला नोकरी करते. घरात त्या आणि सकाळ-संध्याकाळ येणारी कामवाली. त्यांची मराठी कानाला फार गोड लागते. मध्येच तमिळ शब्द, मध्येच असा एखादा जुना शब्द की जो मी फक्त बखरीत वाचलेला. ती मराठी कागदावर उतरवण्याचं धाडस मी करत नाही. खाली त्यांचं बोलणं आपल्या मराठीत लिहिते आहे.

आता टीव्हीकडे येऊ. या घरात रंगीत टीव्ही आला तो सरकारी. तमिळनाडू सरकारने २००६ मध्ये घरोघरी फुकट रंगीत टीव्ही द्यायला सुरुवात केली, तो चौदा इंची डबा. मग २०११ मध्ये सरकारी ‘अरसु केबल’ महिना सत्तर रुपयांत सुरू झाली, तीही आली. पुढे मुलाने बत्तीस इंची स्मार्ट टीव्ही आणून भिंतीवर टांगला आणि आत्यांचे हाल सुरू झाले. दोन वर्षं बरा चालला. मग त्यातली ॲप एकामागून एक ‘या उपकरणावर आता चालणार नाही’ असं सांगू लागली. कंपनीचं नाव घेत नाही. तुमच्याही घरी तसाच एखादा असेल. पडदा उत्तम, आवाज ठीक, पण आतला मेंदू पाचच वर्षांत म्हातारा. हे मला नेहमी विचित्र वाटतं. काच आणि दिवे दहा-दहा वर्षं टिकतात आणि चार ॲपपायी आपण अख्खा टीव्ही बदलायला निघतो.

गणेश चतुर्थीला मी गेले तेव्हा आत्यांनी मागणी मांडली. रिमोटवर चाळीस बटणं आहेत, त्यांना पाच हवीत. मुलाने पेन ड्राइव्हवर दिलेले जुने सिनेमे बघायचे आहेत, पण टीव्ही म्हणतो फाइल उघडत नाही. आणि तिसरं, ‘ह्यांचा आवाज टीव्हीतून ऐकू येईल का गं?’

आत्यांचे यजमान, आमचे मामा, बँकेत कारकून होते आणि संध्याकाळी भजन-कीर्तन करत. तंजावरला हे काही नवल नाही. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातले कीर्तनकार इथे आले, आणि तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या मराठी कीर्तनातून इथली हरिकथा उभी केली. आजही तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे चालीचे प्रकार त्याच नावांनी ओळखले जातात. मामा काही मोठे भागवतर नव्हते, पण घरच्या रामनवमीला उभे राहत. त्यांच्या चौदा कॅसेट होत्या. नव्वद मिनिटांच्या.

त्या कॅसेट लॅपटॉपवर उतरवल्या होत्या नातीने, बारावीच्या सुट्टीत. आणि तो लॅपटॉपसुद्धा सरकारीच! सप्टेंबर २०११ पासून तमिळनाडूतल्या सरकारी आणि अनुदानित शाळांच्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप मिळू लागले. आत्यांच्या नातीला २०१२ मध्ये मिळाला. त्या लॅपटॉपांवर विंडोज आणि बॉस लिनक्स अशा दोन प्रणाली शेजारी शेजारी असत. बॉस म्हणजे ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स’, सी-डॅकने तयार केलेली. विद्यार्थी सुरू करायचे ते विंडोज, हे वेगळं सांगायला नको. नात नोकरीला लागली, तिने नवा घेतला, हा आत्यांच्या कपाटात साड्यांखाली गेला.

तो मी काढला. दोन जीबी मेमरी, तीनशे वीस जीबीची फिरती हार्ड डिस्क. विंडोज सुरू व्हायला सात मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं, तेवढ्यात आत्यांनी कॉफी गाळून डवऱ्यातून पुढे केली.

असा लॅपटॉप टाकून द्यायचा नसतो. त्याला फक्त एकच काम द्यायचं असतं.

घरातल्या टीव्हीसाठी संगणक वापरण्याची कल्पना जुनी आहे. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोजची खास मीडिया सेंटर आवृत्ती काढली होती. विंडोज १० बरोबर ती बंद झाली. त्याच २००२ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे आणि गाणी चालवणारा प्रोग्राम लिहिला. तो वाढत वाढत गेला, एक्सबॉक्सवरून सुटला आणि २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. कोडी फुकट आहे, त्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला आहे. सोफ्यावर बसून दहा फुटांवरून दिसेल अशी मोठी अक्षरं, चित्रं, आणि चार बाणांवर चालणारा कारभार.

कोडी हा प्रोग्राम आहे, त्याखाली प्रणाली लागते. इथे आपल्या कामाची गोष्ट येते : लिब्रेईलेक. २०१६ मध्ये ओपनईलेक नावाच्या आधीच्या प्रकल्पातून फुटून ही निघाली. तिच्यात कोडी चालवायला लागतं तेवढंच आहे, बाकी काही नाही. डेस्कटॉप नाही, ब्राउझर नाही, ऑफिस नाही. बटण दाबलं की सरळ कोडीचा पडदा. प्रणालीचा भाग डिस्कवर बंदिस्त असतो, त्यात लिहिता येत नाही, त्यामुळे नातवंडांनी कितीही बटणं दाबली तरी ती सहसा बिघडत नाही. तुमचं सामान दुसऱ्या वेगळ्या भागात राहतं. ओएसएमसी नावाची अशीच दुसरी प्रणाली आहे, पण ती मुख्यतः रास्पबेरी पाय आणि तिच्या स्वतःच्या छोट्या डब्यासाठी. जुन्या लॅपटॉपला लिब्रेईलेकच.

कृती सोपी आहे. दुसऱ्या संगणकावर लिब्रेईलेकचा यूएसबी तयार करणारा छोटा प्रोग्राम उतरवायचा, यादीतून ‘जेनेरिक’ निवडायचं, रिकाम्या पेन ड्राइव्हवर लिहायचं. लॅपटॉप चौसष्ट बिटचा हवा. २०१० नंतरचे बहुतेक असतात. मग पेन ड्राइव्ह लावून, सुरू होताना कंपनीप्रमाणे एफ१२ किंवा तसं कुठलं तरी बटण दाबून, पेन ड्राइव्हवरून चालू करायचं. तीन पर्याय मिळतात : इन्स्टॉलर, लाइव्ह आणि रन. लाइव्हमध्ये नुसतं बघता येतं, काही साठत नाही. रनमध्ये पेन ड्राइव्हवरच चालतं आणि तिथेच साठतं. इन्स्टॉलर मात्र हार्ड डिस्कवर बसवतो, आणि बसवताना अख्खी डिस्क पुसतो. विंडोज, बॉस, फोटो, सगळं. ‘शेजारी जागा करून बसवा’ हा पर्यायच त्यात नाही.

तो तसं सांगतो. एकदा नाही, दोनदा सांगतो. मी दोन्हीदा ‘येस’ म्हटलं.

का म्हटलं? कारण आत्यांच्या देवघराच्या खणात एक पेन ड्राइव्ह होता, त्यावर चिठ्ठी होती ‘थाथा पाट्टु’, म्हणजे आजोबांची गाणी, आणि नातीने फोनवर सांगितलं होतं की सगळं त्यात आहे. मी तो लावून पाहिला. फायली होत्या. एक वाजवली, मामांचा आवाज आला. मी समाधानाने पेन ड्राइव्ह काढला. मोजल्या नाहीत.

पंधरा मिनिटांत लिब्रेईलेक बसलं. टीव्हीवर निळसर पडदा आला, आत्या खूश. पेन ड्राइव्ह लावला, यादी उघडली. दर कॅसेटच्या दोन बाजू, म्हणजे अठ्ठावीस फायली हव्यात. बावीस होत्या.

‘अकरा, बारा आणि तेरा कुठे आहेत?’ आत्यांनी विचारलं. त्यांना मोजायची सवय आहे.

नातीला फोन लावला. ती क्षणभर गप्प झाली. पेन ड्राइव्ह भरला होता म्हणून शेवटच्या काही लॅपटॉपवरच ठेवल्या होत्या, नंतर टाकेन म्हणाली होती, मग कॉलेज सुरू झालं. माझ्या पोटात गोळा आला. बाराव्या कॅसेटवर मामा नव्हतेच. त्यावर आत्यांच्या सासूबाई होत्या. मामांनी १९८८ साली टेप लावून आईला बोलतं केलं होतं : लग्न कसं झालं, तंजावरच्या वाड्यात काय पाहिलं, रसवांगी कशी करायची. त्या घरातली जुनी मराठी बोलणारी शेवटची व्यक्ती, आणि तिचा आवाज एवढाच.

आत्या रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. खुर्चीवर बसून म्हणाल्या, ‘आमच्या पिळ्ळैयारला आम्ही पाण्याचा थेंबसुद्धा लावत नाही. आणि तू सगळं धुऊन काढलंस.’

आता इथे नीट लक्ष द्या, कारण असं तुमच्याही घरी कधी तरी होईल. डिस्क ‘पुसली’ म्हणजे त्यावरचं सगळं खरवडून निघालं असं नसतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली आणि पानांवर ‘मोकळी’ असा शिक्का मारला, असं समजा. पानांवर नवं काही लिहिलं जात नाही तोवर जुना मजकूर तिथेच असतो. लिब्रेईलेक स्वतः लहान आहे. तीनशे वीस जीबीच्या डिस्कवर त्याने फार थोडी पानं गिरवली असणार. म्हणून पहिलं काम : लॅपटॉप तत्काळ बंद. एकही फाइल त्यावर कॉपी करायची नाही. ‘काय गेलं ते जरा बघू’ म्हणून चाळायचंही नाही.

दुसरं काम फोटोरेक. हा फुकट प्रोग्राम आहे, नावात फोटो असला तरी गाणी, कागदपत्रं, व्हिडिओ सगळं शोधतो. तो अनुक्रमणिकेच्या नादी लागत नाही; डिस्कचं एकेक पान चाळतो आणि ‘इथे एमपी३ सुरू होते आहे’ अशी खूण दिसली की उचलतो. सिस्टिमरेस्क्यू नावाच्या लिनक्सच्या पेन ड्राइव्हवर तो आयता मिळतो. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा आणि सापडलेल्या फायली दुसऱ्याच डिस्कवर ठेवायच्या. त्याच डिस्कवर ठेवल्या तर आपणच आपली पानं गिरवतो.

माझी बाहेरची डिस्क सोबत होती. रात्री नऊला लावलं, सकाळी साडेसहाला संपलं. रात्री दोनदा उठून बघितलं. आकडा वाढत होता. सकाळी एकूण आठशेच्या वर एमपी३.

अडचण अशी की अनुक्रमणिका गेली म्हणजे नावंही गेली. प्रत्येक फाइल म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा. त्यात बारावीतल्या मुलीने जमवलेली तमाम तमिळ सिनेमाची गाणी. आठशे फायली कोण ऐकणार?

थोडा हिशेब केला. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. नातीने १२८ केबीपीएसने उतरवलेली. म्हणजे एक बाजू साधारण त्रेचाळीस एमबीची. सिनेमाचं गाणं चार-पाच एमबीचं. फायली आकाराप्रमाणे लावल्या आणि चाळीस एमबीच्या वरच्या वेगळ्या काढल्या. सत्तावीस निघाल्या. त्यातल्या बावीस आपल्याजवळच्याच. उरल्या पाच.

हव्या होत्या सहा.

त्या पाच फायली टीव्हीवरच वाजवल्या. हेच लिब्रेईलेकचं पहिलं खरं काम ठरलं : लॅपटॉप अजून फोटोरेकच्या हाताखाली ठेवायचा होता, म्हणून मी दुसरा पेन ड्राइव्ह घेऊन माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर ते रन पर्यायाने चालू केलं. आत्या समोर बसल्या आणि पहिल्या दहा सेकंदांत सांगत गेल्या, ‘ही अकरावी, रामनवमी, त्या वर्षी पाऊस होता’, ‘ही तेरावी, ऐक, मृदंग कोण वाजवतंय, आमचा दीर’. बाराव्याची पहिली बाजू मिळाली. दुसरी, रसवांगीची, नव्हती.

मग लहान फायली चाळल्या आणि सोळा एमबीच्या एका तुकड्यात ती सापडली. सतरा मिनिटं. सासूबाई वांगी चिरायला सांगतात, चिंचेचा कोळ किती ते सांगतात, आणि डाळीपाशी आवाज तुटतो. पुढचा भाग डिस्कवर दुसरीकडे कुठे तरी होता किंवा लिब्रेईलेकच्याच खाली गाडला गेला होता.

मूळ कॅसेट? होती. पत्र्याच्या पेटीत. आतली दाबपट्टी, ती स्पंजची इवलीशी गादी, गळून पडली होती, आणि घरातल्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून गुळासारखा झाला होता. कुंभकोणमला महामहम तलावाजवळच्या गल्लीत एक दुरुस्तीवाले आहेत. त्यांनी स्क्रूने उघडणारी दुसरी कॅसेट घेतली, तिचं पोट रिकामं केलं आणि आमची फीत त्यात घातली. वीस मिनिटांचं काम. असे लोक आहेत तोवर करून घ्या. तुमच्या घरी कॅसेट असतील तर आजच पेटी उघडून बघा, आणि जुनी फीत थेट यंत्रात घालून भरभर पुढे-मागे फिरवू नका, तुटते.

त्यांच्याच टेपवरून, माझ्या लॅपटॉपला तार जोडून, ऑडॅसिटी नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये पूर्ण बाजू उतरवून घेतली. आवाज पातळ झाला आहे, मागे घरघर आहे. पण डाळीच्या पुढचं सगळं आहे. शेवटी कुणी तरी पुरुष ‘पंखा बंद करा’ म्हणतो, तो मामांचा नाही. आत्यांनी तीनदा ऐकलं, ओळख पटली नाही.

सगळं तीन ठिकाणी ठेवलं : बाहेरच्या डिस्कवर, आत्यांच्या खणात, आणि नातीकडे कोइमतूरला. या वेळी मोजून.

आता सरकारी लॅपटॉपवर पुन्हा लिब्रेईलेक बसवलं, आणि मांडणी केली. एचडीएमआयची तार टीव्हीला. पहिल्याच झटक्यात आवाज येणार नाही, घाबरू नका. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, ऑडिओ, तिथे आवाज बाहेर पडायची जागा म्हणून एचडीएमआय निवडायचं. चित्राच्या कडा कापल्या गेल्या तर डिस्प्लेमध्ये व्हिडिओ कॅलिब्रेशन आहे, बाणांनी कोपरे जागेवर आणायचे. दोन मिनिटं लागतात, पण ती कुणी घालवत नाही आणि वर्षानुवर्षं कापलेले चेहरे बघत बसतं.

मुख्य पडद्यावरची नको ती नावं काढून टाकता येतात. हे मी फार आवडीने केलं. हवामान गेलं, खेळ गेले, ॲड-ऑन गेले. उरले चार : सिनेमे, गाणी, फोटो, आवडीचं. मामांच्या कीर्तनांचा संच ‘आवडीचं’मध्ये टाकला आणि त्यावर मामांचा फोटो लावला. देवनागरी नावं दिली होती, ती पडद्यावर चौकोन-चौकोन दिसली. थोडा वेळ फॉन्ट बदलत बसले, मग लक्षात आलं की आत्या नाव वाचतच नाहीत, चित्र बघून बटण दाबतात. नावं रोमन केली, विषय संपला.

सिनेमांचं असं. कोडी फाइलच्या नावावरून सिनेमा ओळखतो आणि इंटरनेटवरून पोस्टर, कलाकार, वर्ष आणतो. त्यासाठी नाव आणि कंसात साल, एवढं ठेवायचं : ‘पिंजरा (१९७२)’, ‘तिल्लाना मोहनाम्बाळ (१९६८)’, अर्थात रोमन लिपीत. साल दिलं नाही तर त्याच नावाचा भलताच सिनेमा चिकटतो. घरच्या लग्नाची व्हिडिओ फीत या यादीत टाकू नका. मी टाकली आणि कोडीने नणंदेच्या लग्नाला एका इंग्रजी भयपटाचं पोस्टर लावलं. नणंदेला अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचते की नाही ते आता कळेल.

जुन्या लॅपटॉपची मर्यादाही सांगते. २०११-१२ च्या इंटेल चिपला एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ सहज जमतो, फुल एचडीसुद्धा. पण नवे व्हिडिओ बरेचदा एचईव्हीसी प्रकारात असतात, नावात एक्स२६५ लिहिलेलं असतं. ते या चिपला पेलत नाहीत. चित्र अडखळतं, पंखा घूं घूं करतो. अशा फायली दुसऱ्या संगणकावर बदलून घ्या नाही तर सोडून द्या. रास्पबेरी पाय ५ चं नेमकं उलटं आहे. त्याच्यात एचईव्हीसीसाठी खास सोय आहे, एच.२६४ साठी नाही, पण त्याचा मुख्य मेंदू इतका वेगवान की ते तसंही निभावतं.

आणि रिमोट. रास्पबेरी पाय असेल तर टीव्हीच्याच रिमोटवर कोडी चालतो, एचडीएमआयच्या तारेतूनच बटणं पोचतात. लॅपटॉपला बहुधा हे जमत नाही. आत्यांच्या फोनवर कोडीचं अधिकृत ‘कोरे’ हे ॲप घातलं, पण त्यांना फोन हातात धरून टीव्ही बघणं पसंत पडलं नाही. ‘फोन आला की टीव्ही कुठे जातो?’ रास्त प्रश्न. शेवटी यूएसबीत छोटा ठोकळा लावून चालणारा बिनतारी रिमोट आणला. त्याच्या बटणांवर आत्यांच्या कामवालीने लाल नेलपॉलिशने पाच ठिपके दिले : वर, खाली, ठीक, मागे, आवाज. ही कल्पना माझी नाही आणि माझ्या सगळ्या सेटिंग्जपेक्षा जास्त उपयोगाची निघाली.

लॅपटॉप सतत तारेवर ठेवणार असाल तर जुनी बॅटरी काढून ठेवा. दहा वर्षांची बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी टीव्हीमागे अंधारात ठेवायची वस्तू नव्हे. हो, मग वीज गेली की सगळं एकदम बंद पडतं, पण वीज गेल्यावर टीव्हीही जातोच. एक कटकट मात्र मला सुटली नाही : चालू करायचं बटण झाकणाखाली आहे. रोज सकाळी आत्या झाकण उचलतात, बटण दाबतात, झाकण लावतात. म्हणतात, डब्याचं झाकण उघडून पीठ बघितल्यासारखं आहे, सवय आहे.

हे सगळं वाचून काही जणांच्या मनात आलेलं मला इथून दिसतंय. कोडीवर ‘सगळं फुकट’ दिसतं म्हणे! कोडी स्वतः काहीही देत नाही. ती रिकामी मांडणी आहे, डबे तुम्ही भरायचे. बाजारात ‘सगळं भरलेले’ म्हणून विकले जाणारे डबे चोरीच्या सिनेमांचे असतात, आणि कोडी बनवणारेच त्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. पैसे भरून घेतलेल्या मोठ्या सेवा कोडीवर अधिकृतपणे नाहीत. त्या फोनवर किंवा टीव्हीला लावायच्या वेगळ्या काडीवर बघा. मला यात काही वाईट वाटत नाही. आत्यांना तीनशे मालिका नकोच होत्या.

रेडिओ मात्र सहज येतो. इंटरनेटवर चालणाऱ्या वाहिनीचा पत्ता साध्या मजकुराच्या फायलीत लिहायचा आणि शेवटी एसटीआरएम असं नाव द्यायचं, कोडी ती गाण्यासारखी वाजवतो. आत्यांसाठी तिरुची आकाशवाणी लावली. हे केंद्र १९३९ चं, आत्यांपेक्षाही वयाने मोठं. सकाळी कॉफीच्या वेळी नागस्वरम लागलं तेव्हा त्या स्वयंपाकघरातून बाहेर येऊन टीव्हीकडे बघत उभ्या राहिल्या. पडद्यावर काहीच नव्हतं, तरी.

राहिलं आहे ते सह्याद्री. आत्यांना मराठी बातम्या हव्यात. ‘तुमची मराठी फार भरभर बोलतात, पण कळते.’ केबलचा डबा कुलूपबंद असतो, त्यातून कोडीत काही घेता येत नाही. डीडी फ्री डिशची छत्री लावली तर सह्याद्री आणि डीडी तमिळ दोन्ही महिन्याच्या पैशांशिवाय येतील. त्या छत्रीची तार यूएसबी ट्यूनरला, ट्यूनर लॅपटॉपला, आणि लिब्रेईलेकमध्ये टीव्हीहेडएंड नावाचा भाग बसवला की बातम्या ध्वनिमुद्रित करून नंतर, थांबवत थांबवतसुद्धा बघता येतील. लिनक्सला चालणारा ट्यूनर आधी यादीत बघून घ्यावा लागतो, तो मी मागवला आहे. गच्चीवर छत्रीसाठी दक्षिणेकडचा कोपरा पाहून ठेवला. तिथे आत्यांचे वडाम वाळत असतात. जागेची बोलणी चालू आहेत.